ब्लॉग लिहायचाय, पण… : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 2008 पासून मराठीत ब्लॉग लिहिते. गेली काही वर्षं रविवारी सकाळी सांगलीत आमच्या भागातल्या वाचनालयात ‘लिहायचंय, पण हात चालत नाही’ म्हणणाऱ्यांबरोबर बसते. दहा-बारा जण येतात. निवृत्त शिक्षक, कॉलेजची दोन पोरं, एक द्राक्षबागायतदार, दुपारच्या रिकाम्या तासात लिहिणाऱ्या बायका. प्रश्न तेच ते येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. लोक ज्या क्रमाने विचारतात तोच क्रम ठेवलाय.

आता ब्लॉग वाचतं कोण?

पहिल्या आठवड्यात तुमची बहीण, एखादा मित्र आणि चुकून आलेलं कुणीतरी. 2008-09 ची वर्दळ आता नाही, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा गूगल रीडर होता. आवडते ब्लॉग त्यात टाकून ठेवायचे, नवीन काही आलं की तिथेच दिसायचं. 1 जुलै 2013 ला तो बंद झाला आणि सकाळी चहाबरोबर दहा ब्लॉग चाळणारा वाचक पांगला. बरेचसे लोक तोवर फेसबुकवर गेलेच होते.

आता येणारा वाचक काहीतरी शोधत येतो. 2011 मध्ये मी एसटीच्या कंडक्टरवर छोटासा लेख लिहिला होता. तिकिटांची मशिनं आली होती आणि जुन्या कागदी तिकिटांचे गठ्ठे दिसेनासे झाले होते, त्याची हळहळ. पत्र्याच्या ट्रेमध्ये रबर लावून ठेवलेले किमतीप्रमाणे गठ्ठे, चिमट्याने दांडीवर केलेली टकटक, सुटे नसले की तिकिटामागे पेनने लिहून दिलेली बाकी. सात जणांनी वाचला, दोघांनी ‘छान’ म्हटलं, विषय संपला.

2018 मध्ये मस्कतहून एका बाईंची मेल आली. त्यांचे वडील कंडक्टर होते, तीन महिन्यांपूर्वी गेले होते. रात्री झोप येईना म्हणून बाईंनी मराठीत ‘एसटी कंडक्टर तिकीट चिमटा’ एवढंच शोधलं होतं. माझी चूकही त्यांनी काढली. ‘‘तुम्ही लिहिलंय की कंडक्टर वहीत हिशेब मांडायचे. ती वही नव्हे, वे-बिल. कुठल्या गठ्ठ्याचं कितवं तिकीट चालू आहे ते टप्प्याटप्प्याला त्यात टिपायचं. हिशेब चुकला की पदरचे भरायला लागायचे. बाबा ड्युटीवरून आले की आई आधी त्यांचा चेहरा बघायची, मग पाणी द्यायची.’’

त्यांना विचारून मी हे लेखात घातलं. तो लेख अजून महिन्याला पंधरा-वीस जण उघडतात, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझं नाही. हाच मजकूर मी फेसबुकवर टाकला असता, तर 2018 मध्ये तो मलासुद्धा सापडला नसता.

व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक असताना हा खटाटोप कशाला?

ओळखीच्या माणसांना काही सांगायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपसारखं दुसरं काही नाही, मीही दिवसभर त्यावरच असते. प्रश्न अनोळखी माणसाचा आहे. तो तुमच्या ग्रुपमध्ये नाही. तुम्ही लिहिता त्या दिवशी त्याला त्या विषयाची गरजही नसते. त्याला गरज पडेल तेव्हा तुमचं लिखाण एका ठरावीक जागी, तुमच्या नावासकट, तारखेसकट उभं असायला हवं. ब्लॉग म्हणजे एवढंच. लिखाणाला पत्ता मिळतो.

पत्ता नसला की काय होतं ते सांगते. पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याच्या कसरतीवर मी एक लेख लिहिला होता. कुणीतरी तो उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. पहिल्या आठवड्यात माझं नाव गळलं, दुसऱ्यात खाली ‘पु. ल. देशपांडे’ आलं. पु. ल. 2000 साली गेले, आणि लेखात ऑनलाइन मागवलेल्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांचं वर्णन होतं! शेवटी तो लेख माझ्या सख्ख्या मावशीने मलाच पाठवला. वर लिहिलं होतं, ‘‘वाच जरा. तू पण असं काहीतरी लिहीत जा.’’ मी ‘हो मावशी’ म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

ब्लॉगमुळे ही चोरी थांबली असं नाही. पण माझा लेख तारखेनिशी तिथे होता, म्हणून निदान मावशीला तरी पटवता आलं.

दोन्ही वापरा. मूळ लेख ब्लॉगवर ठेवा आणि ग्रुपवर चार ओळी टाकून खाली दुवा द्या. वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सेवेवर मराठी शीर्षक दिलंत तर दुवा पाठवताना तो टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची लांबलचक माळ होऊन बसतो, बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आहे. ब्लॉगर या दुसऱ्या सेवेवर उलटी तऱ्हा. त्याला देवनागरी शीर्षक कळतच नाही, म्हणून तो पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा घालतो. दोन्हीकडे प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने रोमन अक्षरांत लिहिता येतो. मला हे कळायला चार वर्षं लागली, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलंच नाही.

हा प्रश्न नव्हे, पण सगळ्यात जास्त वेळा हेच ऐकते.

वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजलेले, घरच्या गरिबीला कंटाळलेले भिक्षुक. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून 1857 मध्ये घरातून निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. परत आले ते फारसं धन न आणता, आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र खांद्यावर घेऊन. 1883 मध्ये त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि ‘माझा प्रवास’ म्हणून छापून आलं ते 1907 मध्ये. लढाईचे इंग्रजी अहवाल ढिगाने आहेत. पण शहर लुटलं जात असताना जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला काय दिसलं, त्या दिवसांत लोकांनी काय खाल्लं, कुठे लपले, हे आपल्या भाषेत या भटजींनी सांगितलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या गावाला वेढा पडणार नाही, अशी आशा आहे. पण आमच्या वर्गातल्या बागायतदारांचं बघा. त्यांनी पहिल्या दिवशी हेच वाक्य म्हटलं होतं. मी म्हटलं, काका, बागेत आज काय केलंत तेवढंच लिहा. ते लिहायला लागले. ऑक्टोबर छाटणी कुठल्या तारखेला घेतली, कितव्या दिवशी फुटवे आले, कुठल्या पहाटे दव पडलं आणि किती दिवसांनी दावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसला, कुठली फवारणी वाया गेली. एकेक नोंद सहा-सात ओळींची, अलंकार शून्य. आता तासगावकडचे लोक त्यांना फोन करून विचारतात, ‘‘गेल्या साली तुमच्याकडं दावण्या कधी आलता, त्ये कुठल्या पानावर हाय?’’ माझ्या सगळ्या ललित लेखांना मिळून जेवढा उपयोगी वाचक मिळाला नसेल तेवढा या नोंदींना मिळालाय. मला थोडा हेवाही वाटतो.

ब्लॉगला मराठीत काय म्हणायचं?

‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ हे दोन शब्द चांगले चालले होते, अजूनही काही जण वापरतात. मला ‘जालनिशी’ आवडतो, रोजनिशीच्या पंगतीत बसतो. पण बोलताना मीही ब्लॉगच म्हणते. इंग्रजीतला मूळ शब्द ‘वेबलॉग’, 1997 चा. 1999 मध्ये कुणीतरी तो गमतीने तोडून ‘वी ब्लॉग’ केला आणि शेपूट तेवढं उरलं.

मग ही डायरीच ना? चारचौघांत का मांडायची?

डायरीत आपण स्वतःला फार सवलत देतो. ‘आज त्याने परत तेच केलं’ एवढं लिहून भागतं, कारण ‘तो’ कोण आणि ‘ते’ काय हे आपल्याला माहीत असतं. ब्लॉगवर अनोळखी माणूस समोर बसलेला असतो, त्याला नीट सांगावं लागतं. सांगता सांगता पुष्कळदा आपल्यालाच कळतं की आपली तक्रार तेवढी खरी नव्हती.

वर्तमानपत्रातल्या पत्रव्यवहाराशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रं लिहिली, शंभरावर आठ झाली. आकाराने छोटी, एका पत्रात एक विषय, आणि आपल्याच लोकांना दिलेले फटके. एकेका पत्राने फार काही हललं नसेल, पण ती येत राहिली. त्यांना भाऊ महाजनांसारखा संपादक लागला, छापखाना लागला. तुम्हाला दोन्ही लागत नाही. संपादक नसणं हे सुख आहे तसंच संकटही आहे, म्हणून निदान एका माणसाला आधी वाचायला द्या. नवरा किंवा बायको नको, भांडणं होतात.

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आणि घरची बोली मालवणी / अहिराणी / वऱ्हाडी आहे.

र्‍हस्व-दीर्घाच्या चुका काढणारे पहिल्या तासात येतात, त्यांचे आभार मानून दुरुस्ती करा. त्या भीतीने लिहिणं थांबवू नका. बोलीचं म्हणाल तर जरूर बोलीतच लिहा. छापील मासिकात पूर्ण अहिराणी लेखाला जागा मिळणं कठीण, ब्लॉगवर ती मागायलाच लागत नाही. फक्त बाहेरच्याला अजिबात न कळणारा शब्द आला तर वाक्यातच तो उलगडेल अशी सोय करा. शेवटी शब्दार्थांची यादी देऊ नका, ती वाचली की शाळा आठवते.

मराठी टाइप कसं करायचं?

आता फोनवर बोललं तरी उमटतं, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ सुटलाय. बोलून लिहिलेलं मात्र एकदा मोठ्याने वाचा. माझ्या फोनने ‘सासूबाईंचा उपास’चं ‘सासूबाईंचा उपहास’ केलं होतं, आणि ते मी प्रसिद्ध केलं होतं.

मजकूर युनिकोडमध्येच असू द्या, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. फोनवर तो आपोआप तसाच असतो, पण जुन्या कॉम्प्युटरवर अजून डीटीपीचे फॉन्ट भेटतात. माझ्याकडे 2004 च्या सीडीवर शिवाजी फॉन्टमध्ये लिहिलेल्या चाळीसेक पानांच्या आठवणी आहेत. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे मुळात इंग्रजी अक्षराला चढवलेलं सोंग होतं. कुठल्याही शोधयंत्राला त्यात मराठी दिसणारच नाही. युनिकोड आलं आणि ‘मराठीत शोधलं की मराठी सापडतं’ ही साधी गोष्ट शक्य झाली. वर मस्कतच्या बाईंचं जे सांगितलं, ते त्याच्या जिवावर.

‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला र नीट येतोय का तेवढं बघून घ्या. काही कीबोर्डवर ‘दर्या’ उमटतं आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो.

ब्लॉगर की वर्डप्रेस?

फुकट आणि कमीत कमी डोकेदुखी हवी असेल तर ब्लॉगर. तो 1999 पासून आहे, 2003 मध्ये गूगलने विकत घेतला. पुढेमागे स्वतःची जागा, स्वतःचं नाव हवं असेल तर वर्डप्रेस. यावर लोक महिनाभर विचार करतात आणि तेवढ्यात लिहायची हौस फिटते.

जास्त महत्त्वाचं म्हणजे प्रत घरी ठेवा. फुकट वेबसाइट देणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, फेसबुकसारखंच असलेलं ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला. माझे स्वतःचे सुरुवातीचे अकरा लेख एका मराठी पोर्टलवर होते, एक दिवस उघडलं तर तिथे दुसरीच कसलीतरी जाहिरात. ना मेल, ना सूचना. त्यातले तीन, जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले, आठ गेले ते गेलेच. ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्हींमध्ये सगळा ब्लॉग उतरवून घ्यायची सोय आहे. दिवाळीत घर आवरताना तेही आवरा.

पैसे मिळतात का?

नाही. मिळाले तर मला कळवा.

कुणी प्रतिक्रियाच देत नाही. बंद करू?

वाचणाऱ्यांतले फार थोडे लिहितात. तुम्ही स्वतः वाचलेल्या शेवटच्या दहा लेखांपैकी किती ठिकाणी दोन शब्द लिहिलेत ते आठवा. वर्षभर थांबा. महिन्याला एक जमलं तरी पुरे, ‘रोज लिहीन’ म्हणणारे तिसऱ्या आठवड्यात गायब होतात.

ब्लॉगने प्रत्यक्षात काही होतं का?

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर मुंबईच्या काही ब्लॉगरांनी पुढाकार घेऊन एक इंग्रजी ब्लॉग उघडला. देशोदेशीचे लोक त्यात आले. बेपत्ता माणसांची माहिती, मदत कुठे पोचवायची, कुठल्या भागात काय हवंय, हे सगळं तिथे जमा होत गेलं. पुढच्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत याच धर्तीवर मदतीचे ब्लॉग चालले. तेव्हा ट्विटर जन्मलंही नव्हतं. कुणाचीही परवानगी न घेता, चार जणांना एकाच वेळी लिहिता येईल असं पान मिनिटात उघडता येत होतं, आणि नवीन बातमी आपोआप सगळ्यात वर येत होती. ब्लॉगची ही साधी रचना तिथे कामाला आली.

2006 मध्ये उलट घडलं. 11 जुलैच्या लोकल बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी पानं रोखायला सांगितली आणि इंटरनेट कंपन्यांनी सरसकट सगळं ब्लॉगस्पॉट, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग, बंद करून टाकलं. काही दिवस पाककृतीवाल्या काकूंचा ब्लॉगही देशाला धोकादायक होता.

आता असं संकट आलं तर कुणी ब्लॉग उघडणार नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतील, आणि ते बरोबरच आहे, वेग तिथे जास्त. 2019 च्या महापुरात सांगलीत आम्हीही तेच केलं. पण ‘पाणी आमच्या गल्लीत कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं’ हे आज त्या ग्रुपांत शोधून दाखवा. आमच्यातल्या एका निवृत्त बाईंनी पाणी ओसरल्यावर तीन लेख लिहिले, फोटोंसकट, पायऱ्या मोजून. 2021 मध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा गल्लीतले लोक तेच लेख उघडून बघत होते, की आता वरच्या मजल्यावर काय काय न्यायचं.

आपलं लिहिलेलं कुणी चोरलं तर?

लेख लिहिला की स्वामित्वहक्क तुमचा, नोंदणीची सक्ती नाही, आणि भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. हे कागदावर. व्यवहारात आधी सभ्य मेल पाठवा. एका दैनिकाच्या पुरवणीने माझा लेख नावाशिवाय छापला होता, मेल केल्यावर पुढच्या आठवड्यात आतल्या पानावर अर्ध्या ओळीत नाव आलं. मानधन अजून यायचंय. दुसऱ्या ब्लॉगवर चोरी झाली असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रारीचा अर्ज असतो, पुरावा म्हणून तुमची आधीची तारीख कामी येते.

उलट बाजूही बघा. गूगलवर दिसलेला फोटो फुकट नसतो, आणि पूर्ण कविता ‘आभार’ म्हणून चिकटवली तरी ती परवानगी होत नाही.

घरच्यांबद्दल, शेजाऱ्यांबद्दल लिहावं का?

मेलेल्या माणसांबद्दल प्रेमाने आणि जिवंत माणसांबद्दल विचारून, हा माझा नियम. नाव बदललं की काम झालं असं वाटतं, पण ‘आमच्या समोरच्या बंगल्यातल्या, कुत्रा असलेल्या बाई’ म्हटल्यावर नावाची गरज कुणाला आहे? मुलांच्या शाळा, त्यांचे आजार, त्यांचे मार्क नकोच. ती मोठी होऊन स्वतःचं नाव शोधणार आहेत. टोपणनाव घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या आडून कुणावर आरोप करू नका. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आहे, आणि ब्लॉगला त्यातून सूट नाही.

एआयकडून लिहून घेतलं तर?

वर्गातल्या एका पोराने आजीवर लेख आणला. चूल, धूर, भाकरीचा खरपूस वास, सुरकुतलेले हात, सगळं होतं. त्याच्या आत्याने वाचला आणि म्हणाली, ‘‘अरे, आपल्याकडे चूल कधी होती? आई भुशाच्या शेगडीवर करायची. भुसा ठासताना मधे बाटली उभी करायची, आणि ती बाटली काढताना कोसळलं की आम्ही मार खायचो.’’ पोराने मग त्या बाटलीपासून लेख नव्याने लिहिला. टायपिंगच्या चुका काढायला एआय खुशाल वापरा.

मी गेल्यावर ब्लॉगचं काय?

हा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नव्हतं, आता साठीच्या पुढचे सगळे विचारतात. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं गूगल खातं कंपनी काढून टाकू शकते, म्हणजे त्यावरचा ब्लॉगही जाऊ शकतो. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खात्या’ची सोय आहे. ठरावीक महिने तुम्ही फिरकला नाहीत तर कुणाला कळवायचं, कुणाला काय द्यायचं, हे तिथे आधीच नोंदवता येतं. दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या वर्गातले एक काका रेल्वेच्या आठवणी लिहायचे. मिरज जंक्शनवर मीटरगेज, ब्रॉडगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या दिसायच्या, त्या काळच्या. तिसऱ्या भागाच्या शेवटी लिहिलं होतं, ‘पुढचा भाग येत्या रविवारी.’ त्या गुरुवारी ते गेले. मुलाला ब्लॉग आहे हेच माहीत नव्हतं. चौथा भाग वहीत सापडला, नऊ पानं, सुवाच्य. पण खातं उघडता येत नाही, त्यामुळे तो तिथे टाकता येत नाही. खाली लोक अजून विचारतात, ‘काका, पुढचा भाग?’ मुलाने प्रतिक्रियेतच तो उतरवायला घेतलाय, एकेक पान करून. आत्ता पाचव्या पानावर आहे.